मे महिन्यातल्या शिबिरात मुलांकडून काय करून घ्यायचं?

प्रश्न: गंगापूर रोडला सोसायटीत ८ ते १२ वयाच्या २० मुलांचं शिबिर घेतेय, बाहेरचं पण हवंय आणि हस्तकला पण, पण नाशिकचं ऊन बघून जीव घाबरतो, कसं करू?

उत्तर १: ताई, पांडवलेणी सकाळी उघडली की लगेच न्या, २४ लेणी आहेत, एकेकाला एक खांब वहीत काढायला लावा. टोपी, पाणी मस्ट.

उत्तर २: दुपारी सावलीत वारली चित्रं करा ना! पुठ्ठ्याला गेरू फासून वाळू द्या, तांदळाच्या पिठात पाणी अन् थोडा डिंक, बांबूची काडी टोकाला ठेचली की झाला ब्रश. आधी त्रिकोण-गोल काढू द्या, तारपा नाचाचं (तारपा वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं) चित्र शेवटी. तयार रंग प्लीज आणू नका, कालवण्यातच मुलं रमतात.

प्रश्नकर्ती: थँक्यू! गेरू आजच आणते.