उंदराचं सगळं डोकंच चमकतंय, ट्यूमर ओळखायचा कसा?

प्रश्न
जीएल२६१ ग्लायोमा (उंदराच्या मेंदूचा ट्यूमर), पेशी मेंदूत टोचून १४ दिवस. साय५.५ या गडद लाल चमकणाऱ्या रंगाचे पीएलजीए-पेग नॅनोकण (पेगचं आवरण असलेले पॉलिमरचे कण), सुमारे १०० नॅनोमीटर, शेपटीच्या शिरेतून १५० मायक्रोलिटर. ४ तासांनी इमेजिंग केलं तर अख्खं डोकं चमकतं; ट्यूमर नसलेल्या उंदराचंही जवळपास तेवढंच. डोस वाढवू का?

उत्तर १
नको, पार्श्वभूमीही तेवढीच वाढेल. पेगच्या आवरणामुळे ४ तासांनी बरेच कण अजून रक्तातच फिरत असतात. दिसतंय त्यात टाळूच्या रक्तवाहिन्यांचा वाटा मोठा. २४ तासांनी बघा. मग हृदयातून हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं २०-३० मिली सलाइन सोडा, यकृत फिकट पडेपर्यंत, आणि मेंदू बाहेर काढून मोजा. खाद्यात अल्फाल्फा (लसूणघास) असेल तर त्यातलं क्लोरोफिलही याच पट्ट्यात चमकतं; आठवडाभर आधी शुद्ध घटकांचं खाद्य सुरू करा. रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी भिंत) कुठे गळतोय ते इव्हान्स ब्लू या रंगाने तपासता येईल.

उत्तर २
इव्हान्स ब्लू इथे नको! त्याची चकाकी ६८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे थेट साय५.५ च्या चकाकीवर. सोडियम फ्लुरोसीन घ्या, ते हिरव्यात दिसतं.

मुख्य शंका वेगळी आहे. रंग कणात नुसता भरलाय की बंधाने जोडलाय? नुसता भरलेला रंग रक्तात सुटून तिथल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटतो, मग दिसतात ते कण नव्हेतच. कण ५०% सीरममध्ये ३७ अंशांवर २४ तास ठेवा आणि सेफारोज सीएल-४बी कॉलममधून (आकारानुसार वेगळं करणारी नळी) सोडा. कण आधी उतरतात, अल्ब्युमिनला चिकटलेला रंग मागून.

प्रश्नकर्ता
नुसता भरलाय. पॅराफिनच्या कापांत मात्र काहीच दिसलं नाही.

उत्तर २
साहजिक आहे, अल्कोहोल आणि झायलीनमध्ये रंग धुऊन जातो. गोठवलेले काप घ्या, १०-२० मायक्रॉन, अंधारात. आणि तुलनेला तेवढ्याच मात्रेचा मोकळा रंग दिलेला उंदीर हवाच, शिवाय नुसती सुई टोचलेलाही.

उत्तर ३
ट्यूमरचा गाभा चमकला म्हणून हुरळू नका. तिथला अडथळा मुळातच गळका. कडेला, पेशी निरोगी मेंदूत घुसतात तिथे, तो बराचसा शाबूत असतो. शस्त्रक्रियेत सुटतात त्या याच पेशी, म्हणून कड वेगळी मोजा. तुलनेसाठी ५-एएलए (ट्यूमर पेशींत लाल चमक आणणारं औषध) देणार असाल (४०५ नॅनोमीटरचा प्रकाश, ६३५ ला लाल) तर वेगळ्या उंदराला द्या. त्याचं ७०५ जवळचं दुसरं शिखर साय५.५ मध्ये मिसळतं.