टीव्हीचं वेड आणि अभ्यास : तुमचे अनुभव लिहा

'टीव्ही बंद कर आणि अभ्यासाला बस' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, पण मला अभ्यासाची गोडी लागली ती टीव्हीमुळेच. जुन्या मालिकांच्या नुसत्या आठवणी नकोत, टीव्हीमुळे तुमच्या विचार करण्यात, विषय निवडण्यात नक्की काय बदललं ते लिहा. सुरुवात मीच करते.

१९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली, नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या पुस्तकावरची इतिहासाची मालिका, ५३ भाग. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि तहाची कलमं, आणि इथे नेहरू झालेले रोशन सेठ मधूनच समोर येऊन बोलायचे आणि मग पुढचा प्रसंग सुरू व्हायचा, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की इतिहास कुणीतरी सांगत असतं आणि सांगणाऱ्याचं स्वतःचं एक मत असतं. ओम पुरी एकदा अशोक तर पुढे औरंगजेब, नसीरुद्दीन शहा शिवाजी महाराज, आणि सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले! फुल्यांच्या भागानंतर आमच्याकडे आजोबांची आणि काकांची अशी जुंपली की जेवणं थंड झाली, आणि मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन फुल्यांचं चरित्र मागितलं. पुढे बीएला इतिहासच घेतला. आजही कुठलाही मजकूर हातात आला की आधी बघते, कोणी लिहिलंय, कधी आणि कोणासाठी.

*

मस्त विषय. मी सोलापूरचा, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतलं सूर्यग्रहण. खग्रास पट्टा राजस्थान, उत्तर प्रदेशाकडून बंगालपर्यंत, आपल्याकडे खंडग्रासच, पण गल्लीत चिटपाखरू नाही. आजीने पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकलेली, गरोदर मावशीला आतल्या खोलीत बसवलेलं, भाजी चिरायची नाही, सुई हातात घ्यायची नाही. आणि टीव्हीवर शास्त्रज्ञ प्रोफेसर यशपाल, एखाद्या पोरासारखे हरखून बोलत होते. झाकलेल्या सूर्याच्या कडेला एकच झळाळता ठिपका उरतो ती 'हिऱ्याची अंगठी' दिसली तेव्हा आजीसुद्धा पदर सावरत टीव्हीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, एवढं सुंदर असतंय होय रे. मावशीलाही बोलावलं तिनेच.

'टर्निंग पॉइंट' या दूरदर्शनच्या विज्ञान कार्यक्रमातही यशपाल लोकांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, आणि कुठलाच प्रश्न त्यांना बावळट वाटायचा नाही. मी वर्गात हेच पाळतो, पोरगं काहीही विचारू दे, आधी 'चांगला प्रश्न आहे' म्हणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याच्या मागे लागायचं. सिलॅबस थोडा मागे पडतो, पडू दे.

*

यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 'कंट्रीवाइड क्लासरूम', म्हणजे कॉलेजच्या मुलांसाठीचा टीव्हीवरचा शैक्षणिक कार्यक्रम, कोणी बघायचं का? १९८४ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला होता. आमच्या तालुक्याच्या गावात इंग्रजी कानावर पडायची ती तेवढीच. मला सुरुवातीला अर्धंअधिक कळायचं नाही, पण परत लावून बघायची सोय नव्हती ना, त्यामुळे वही मांडीवर घेऊन बसायचं आणि जे ऐकू येईल ते मराठीत, खुणा करून, बाण काढून उतरवायचं, न कळलेला शब्द जसा कानाला लागला तसा देवनागरीत लिहून ठेवायचा आणि मग डिक्शनरीत शोधायचा. ऐकता ऐकता मुद्दा पकडायची ती सवय मला कॉलेजात इतकी उपयोगी पडली की लेक्चर संपल्यावर मुली माझीच वही मागायच्या. आता मुलगी यूट्यूबवर तोच व्हिडिओ चारदा बघते, तिला कळतंही छान, पण एका ऐकण्यात पकडायचा तो ताण वेगळाच होता आणि त्याने मला घडवलं.

*

'ब्योमकेश बक्षी' ही गुप्तहेराची मालिका, १९९३, ब्योमकेश झालेला रजित कपूर. शेवटची पाच मिनिटं यायच्या आधी आम्ही भावंडं गुन्हेगार कोण ते सांगायचो आणि दादा लगेच 'कशावरून?' विचारायचा. वकिली करतेय. बाकी काय सांगू.

*

मी वरच्या सगळ्यांपेक्षा लहान, आमच्या घरी दहावीला रीतसर केबल काढली होती. मी मात्र रोजच्या मराठी सिरियल्सची फॅन, सासू-सुनांच्या, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. इथे सगळं खोज आणि विज्ञान चाललंय म्हणून मुद्दाम लिहितेय. एमएला सोशिऑलॉजीमध्ये प्रबंधाला हाच विषय घेतला तर गाइड म्हणाले, हा काय अभ्यासाचा विषय आहे? मग मी एका मालिकेचे सलग भाग घेऊन तक्ता केला, कुठली बाई कमावते, तिचं ऑफिस कधी दिसतं का, पगार कोणाच्या हातात जातो, निर्णय स्वयंपाकघरात होतो की हॉलमध्ये. नायिका नोकरी करते असं सगळे म्हणतात पण तिचं टेबलसुद्धा धड दिसत नव्हतं! तो तक्ता बघितल्यावर सर गप्प झाले आणि म्हणाले, आता आणखी दोन मालिका घे आणि ताडून बघ. फॅन असल्यामुळेच कुठे बघायचं ते मला माहीत होतं, बाहेरून आलेल्याला ते ऑफिस गायब आहे हे लक्षातच आलं नसतं. आईने त्या वर्षी माझ्या शेजारी बसून भाग बघितले आणि पेन घेऊन रकाने भरले.