आधी धारेचा दगड घ्या

पावसाळ्यात अडकणाऱ्या दारासाठी इलेक्ट्रिक रंधा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. एका दारासाठी नको. साधा लोखंडी रंधा पुरतो, पण पात्याला धार हवी. म्हणून आधी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) धारेचा दगड घ्या; पटाशीलाही (लाकूड कोरायच्या छिन्नीलाही) त्यावरच २५ ते ३० अंशांत धार लावता येते.

दार घासतं तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढाच रंधा मारा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं. जास्त तासलंत तर फट राहील. दाराच्या वरच्या-खालच्या कडांना रंग आहे का तेही बघा. तिथे उघड्या असलेल्या उभ्या पट्ट्यांच्या टोकांतूनच ओल सर्वांत जास्त शिरते.