लिनक्सवर ऑडिओ सीडी: थेट वाजवायची की एकदाची उतरवून घ्यायची?

तंबोरा_जवारी (धागाकर्ता)

बाबांकडे शास्त्रीय संगीताच्या साठेक सीडी आहेत. त्यांचा प्लेअर गेला, म्हणून माझा पडून असलेला कॉम्प्युटर लिनक्स मिंट टाकून त्यांच्या खोलीत बसवला. पहिलीच सीडी घातली, ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर आलं, 'माउंट करता आली नाही', म्हणजे आतल्या फाइली उघडता आल्या नाहीत. बाबा म्हणाले, "फुकटातलं असंच असणार."

तीन संध्याकाळी घालवल्यावर उमगलं की ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. १९८० साली फिलिप्स आणि सोनीने जे मानक ठरवलं त्यात फाइल सिस्टिम ही भानगडच नाही. सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकात २३५२ बाइट, असा सलग आवाज, आणि सुरुवातीला कोणता ट्रॅक कुठे लागतो त्याची यादी. तेव्हा माउंट करण्यासारखं काही नाहीच. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये 'इलिगल मोड फॉर धिस ट्रॅक' अशी ओळ दिसते, ती पाहून मी नवा ड्राइव्ह मागवणार होतो. गाण्याचा ट्रॅक कुणीतरी डेटा समजून वाचायला गेलं, एवढाच तिचा अर्थ.

मग एक जुनाट प्लेअर टाकून पाहिला. सीडी फिरते, सेकंद पुढे सरकतात, आवाज शून्य. पूर्वी ड्राइव्हच्या मागून चार पिनांची एक बारीक वायर साउंड कार्डाला जायची. आवाज ड्राइव्हच तयार करायचा, कॉम्प्युटर नुसता 'वाजव' म्हणायचा. माझ्या साटा (नव्या प्रकारच्या जोडणीच्या) ड्राइव्हला त्या वायरची जागाच नाही. जुना प्रोग्राम अजून 'वाजव' म्हणतो, ड्राइव्ह इमानेइतबारे वाजवतो, पण आवाज बाहेर येणार कुठून!

म्हणजे आता कॉम्प्युटरला आकडे वाचूनच घ्यावे लागतात. मग ते दर वेळी कशाला? एकदा फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळता लहान होणारी फाइल) उतरवा, वीस-पंचवीस जीबीत साठ सीडी मावतील, तबकड्या कपाटात ठेवा. थेट वाजवायचा हट्ट हे निव्वळ स्मरणरंजन आहे असं माझं मत. बोला.

डेबियनचा_गडी

निदान अचूक, निष्कर्ष साफ चूक. तुमचं भांडण एका म्हाताऱ्या प्रोग्रामशी आहे, शिक्षा सगळ्या सीड्यांना कशाला? व्हीएलसी प्लेअरमध्ये 'मीडिया', मग 'ओपन डिस्क', मग 'ऑडिओ सीडी'. किंवा रिदमबॉक्स उघडा, डाव्या पट्टीत सीडी दिसेल. दोन्ही आकडे वाचून नेहमीच्या आवाजाच्या वाटेने पाठवतात, वायरबियर लागत नाही.

'परवानगी नाही' असं आलं तर आपलं खातं सीडीरॉम गटात (ड्राइव्ह वापरायची मुभा असलेल्या खात्यांत) आहे का ते पाहायचं. उबंटूवर व्हीएलसी स्नॅपमधून (बंदिस्त पाकिटातून प्रोग्राम टाकायची पद्धत) घेतलं असेल तर त्याला ऑप्टिकल ड्राइव्हला हात लावू दिलाय का, तेही. झालं.

बंड्या_विंडोजवाला

"झालं" म्हणे! गट, परवानग्या, स्नॅप. विंडोजवर सीडी घातली की वाजते, विषय संपला.

डेबियनचा_गडी

घातली की वाजते आणि घातली की काहीही चालतं. २००५ साली सोनी बीएमजीच्या कॉपी-संरक्षण असलेल्या गाण्यांच्या सीड्यांनी लोकांच्या विंडोजमध्ये गुपचूप रूटकिट (स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर) बसवलं होतं, आठवतंय का? लिनक्सवाल्यांच्या मशीनवर ते चाललंच नाही.

बंड्या_विंडोजवाला

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट काढावी लागली, यातच आलं. बाबांना गाणं ऐकायचंय हो, विषाणूशास्त्र नाही शिकायचं.

कोथरूडची_माई

बंड्याशी अर्धी सहमत. पण जवारी, तुमच्याशी अजिबात नाही. आमच्या लेकाने दिवाळीत आमच्या सगळ्या सीड्या उतरवून दिल्या. आता यादीत 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', तेही 'अनोळखी कलाकार' या नावाखाली पन्नास वेळा. लेक म्हणतो, बहुतेक सीड्यांवर नावं नसतातच, ती इंटरनेटवरून येतात. फ्रीडीबी नावाचं त्यांचं कोठार २०२० साली बंद झालं, आता म्युझिकब्रेन्झ. तिथे आमच्या निम्म्या नाट्यसंगीताचा पत्ता नाही. यमन कुठला आणि भैरवी कुठली, ऐकल्याशिवाय कळत नाही. डबीवर मात्र सगळं छापलेलं आहे. सकाळी सकाळी भैरवी लागली की हे चिडतात.

तंबोरा_जवारी

माई, नावं एकदा हाताने भरली की काम संपतं. (साठ सीड्यांची भरायची आहेत, हे आत्ता लिहिताना जाणवलं.)

गडीभाऊ, व्हीएलसीत आवाज आला, आभार. पण दर दहा-पंधरा सेकंदांनी आचका बसतो आणि ड्राइव्ह मिक्सरवर चटणी वाटल्यासारखा ओरडतो. ख्यालात आलाप चालू असताना मागे हे! म्हणूनच म्हणतो, उतरवा.

सोलापुरी_चादर

ओरडतोय कारण तो पूर्ण वेगाने पळतोय. गाण्याला १ पट वेग पुरतो, ड्राइव्ह ४८ पटीचा. टर्मिनलमध्ये 'इजेक्ट', जागा सोडून 'वजा एक्स', पुन्हा जागा सोडून ४, एवढं मारा. गप्प होईल. दोन सीड्यांवर करून सांगा.

बाकी चरे असलेल्या सीडीच्या बाबतीत जवारींचा मुद्दा पटतो. सीडीपॅरानोया हा उतरवणारा प्रोग्राम एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून, कडा जुळवून घेतो. वाजवणाऱ्या प्रोग्रामला तेवढी फुरसत कुठली? त्याला पुढचा सेकंद आत्ताच हवा असतो. आणि पुसताना मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. छापील बाजू जास्त जपा, चकाकता थर त्या लॅकरच्या लगेच खाली असतो.

नाट्यवेडा

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. माझ्या एका सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक आहेत, पण मध्ये टाळ्या नाहीत, थांबणं नाही. तंबोरा अखंड चालू. मी ती एमपी३ मध्ये उतरवली, तर जोडावर बारीकशी फट. नेमकी द्रुतची पहिली सम तिथे, आणि तबल्याचा 'धा' अर्धा गिळलेला. सीडीवर तो 'धा' असा पडतो की मान आपोआप हलते. तेव्हापासून मी थेटच वाजवतो. उतरवणं सोयीचं असेल, ते गाणं नव्हे.

डेबियनचा_गडी

तो दोष एमपी३ चा. फ्लॅकमध्ये नमुना न् नमुना जुळतो, मात्र प्लेअरने मध्ये थांबता कामा नये. (थेट वाजवण्याच्या बाजूने असून हे मला सांगावं लागतंय!)

तंबोरा_जवारी

खबर देतो. ४ चा वेग लावला, ड्राइव्ह शांत, आचके गेले. पण सीडी बदलली की तो वेग विसरतो, म्हणून बाबांच्या डेस्कटॉपवर एक चिन्ह करून ठेवलं, नाव 'हळू'. सीडी घालतात, 'हळू' दाबतात, मग वाजवतात. जुन्या प्लेअरलाही झाकण दाबून धरावं लागायचं, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नाही.

मी हट्ट सोडलेला नाही. अकरा सीड्या फ्लॅकमध्ये उतरवल्या, नावंसुद्धा देवनागरीत भरली. बाबांनी त्यातली एकही उघडलेली नाही. आणि दोन घरी भरलेल्या सीडीआर, आजोबांच्या भजनाच्या, ना वाजत ना उतरत. ड्राइव्ह पाच मिनिटं खाकरतो आणि सोडून देतो. कुणाकडे वेगळा ड्राइव्ह आहे का, पुण्यात?

सोलापुरी_चादर

आहे. एका ड्राइव्हने टाकलेली सीडीआर दुसरा कधी कधी उचलतो. माझ्याकडे जुना आयडीई (साटाच्या आधीच्या जोडणीचा) ड्राइव्ह आहे, यूएसबीच्या जोडणीसकट. शनिवारी कर्वे रोडला येतोय, घेऊन येतो. त्याच्या डब्यात ती चार पिनांची वायरही निघाली, हवी तर ठेवून घ्या.