मदत हवी आहे: 'ग्रेट स्नोरिंग' या गावाच्या नावाचा खरा अर्थ वडिलांना कसा पटवू?

सातासमुद्रापार:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण घरातलं वातावरण तापलंय म्हणून विचारते.

आई-अण्णा मिरजेहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला आलेत, तीन महिन्यांसाठी. नवऱ्याने मोठ्या हौसेने नॉर्फोकमध्ये आठवडाभर कॉटेज घेतलं. समुद्र जवळ, गर्दी नाही, भाडं परवडणारं, एवढं बघून त्याने पैसे भरले. गावाच्या नावाकडे लक्षच गेलं नाही, असं तो शपथेवर सांगतो. गावाचं नाव आहे ग्रेट स्नोरिंग.

आता अण्णांविषयी. अण्णा घोरतात. म्हणजे सगळेच घोरतात, पण अण्णांचं तसं नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी एकदा टीसीकडे डबा बदलून मागितला होता. आमच्या लग्नात आदल्या रात्री वऱ्हाडाच्या खोल्यांतून निरोप आला, 'तेवढा जनरेटर बंद करा.' वीज गेलेलीच नव्हती. या गोष्टीला अकरा वर्षं झाली, पण सासरकडची मंडळी जमली की जनरेटर निघतोच. त्यामुळे या विषयावर अण्णा हळवे आहेत.

त्यात अण्णांनी शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय. बुकिंगचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "ग्रेट हे विशेषण, स्नोरिंग हे धातुसाधित नाम. थोर घोरणे. जावईबापूंना काय सुचवायचंय ते समजलं." तेव्हापासून ते जावयाशी माझ्यामार्फत बोलतात. तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असला तरी "त्यांना विचार, चहा घेणार का?"

मला हवंय ते एवढंच: या नावाचा घोरण्याशी संबंध नाही हे इंग्रजीच्या मास्तरला पटेल असं काही आहे का? आणि खरंच संबंध असेल तर कृपया इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जाताजाता, तिकडे दोन म्हाताऱ्या माणसांना दाखवण्यासारखं काय आहे तेही सांगा.

टवाळ:
घोरणे बुद्रुक! मग जवळपास घोरणे खुर्द पण असेल की.

सातासमुद्रापार:
आहे. लिटल स्नोरिंग. मी नकाशा अण्णांपासून लपवून ठेवलाय.

आंबेगावकर:
गंमत म्हणजे त्यातलं खुर्द हे बुद्रुकपेक्षा बरंच मोठं आहे. लिटल स्नोरिंग हमरस्त्यावर पडतं, तिथे वस्ती वाढली. ग्रेट स्नोरिंग आत राहिलं ते राहिलंच. शेजारच्या वॉल्सिंगहॅमचीही तीच कथा, तिथेही 'लिटल' मोठं आणि 'ग्रेट' लहान.

शब्दवेडा:
ताई, तुमच्या वडिलांचं व्याकरण बरोबर आहे, फक्त भाषेचा काळ चुकलाय. हा 'इंग' धातूला लागणारा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'इंगास' असा प्रत्यय होता, 'अमक्याची माणसं' या अर्थाचा. स्निअर नावाचा कुणी अँग्लो-सॅक्सन तिथे आपलं गणगोत घेऊन राहिला, म्हणून ती वस्ती स्निअरच्या माणसांची. आपल्याकडे सावंतांची म्हणून सावंतवाडी झाली, त्यातलाच प्रकार. १०८६ साली विल्यम राजाने गावोगावच्या जमिनी आणि महसुलाची जी मोठी नोंदवही करवली, त्या डूम्सडे बुकातही हे गाव आहे. तेव्हा ते कुणाच्या जावयाने ठेवलेलं नाही एवढं नक्की.

आणखी दाखले द्या. हेस्टिंग्ज म्हणजे हेस्ताची माणसं. रेडिंग म्हणजे रेआदाची माणसं. स्पेलिंग वाचनाचंच, पण म्हणून तिथले लोक दिवसभर वाचत बसत नाहीत.

पिठलंभाकरी:
मी लंडनमध्ये बार्किंगला राहते. आमच्याकडे कुणी भुंकत नाही. (खालच्या मजल्यावरचा कुत्रा सोडून.)

टवाळ:
एवढ्यावर रागावले तर त्यांना डॉर्सेटमधलं शिटरटन सांगा. तिथल्या ओढ्यात पूर्वी घाण जायची, त्यावरूनच गावाचं नाव पडलं. तिथे 'हागणदारीमुक्त गाव' अशी कमान उभारायची कुणाची हिंमत होणार नाही. लोक गावाची पाटीच चोरून न्यायचे. कौन्सिल नवी लावायचं, ती पुन्हा गायब. शेवटी २०१० मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून दीड टनाचा दगड आणला, त्यावर नाव कोरलं आणि क्रेनने बसवला. आता चोरा म्हणावं!

एसेक्समध्ये अग्ली आहे, हर्टफर्डशरमध्ये नॅस्टी आहे. हॅम्पशरमध्ये तर एका ओळीत ओव्हर वॉलप, मिडल वॉलप, नेदर वॉलप. वरचा धपाटा, मधला धपाटा, खालचा धपाटा.

शब्दवेडा:
धपाटा नाही हो. वॉलप म्हणजे झऱ्यांची दरी. पण भाषांतर आवडलं.

ताई, एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नावाचा उगम घोरण्यात नसला तरी इंग्रजांनी कोटी सोडलेली नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सर राल्फ शेल्टन नावाच्या जमीनदाराने हे गाव विकून टाकलं आणि म्हणाला म्हणे, "मला स्नोरिंगवाचूनही झोप लागते." ही गोष्ट अण्णांना सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा.

वाटाड्या:
आम्ही गेलोय. गाव म्हणजे एक उतरता रस्ता, सेंट मेरीचं जुनं चर्च, विटांची आणि गारगोटीच्या दगडांची घरं. दहा मिनिटांत संपतं. पण जवळपास बघायला भरपूर आहे.

लिटल स्नोरिंगच्या चर्चचा गोल मनोरा इमारतीपासून सुटा उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात गावाशेजारी विमानतळ होता, तिथून मॉस्किटो विमानं रात्री शत्रूच्या विमानांच्या शिकारीला निघायची. चर्चमध्ये त्या कामगिरीची नोंद असलेले फलक लावलेत. म्हणजे स्नोरिंगमध्ये मुक्काम आणि ड्युटी रात्रभर जागण्याची!

तुमच्या आईला वॉल्सिंगहॅमला नक्की न्या, गाडीने अगदी जवळ. १०६१ साली रिशेल्डिस नावाच्या बाईला तिथे मेरीमातेचा दृष्टान्त झाला अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून ते इंग्लंडचं पंढरपूर. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ मध्ये, ते उद्ध्वस्त झालं, पण गेल्या शतकात यात्रा पुन्हा सुरू झाली. मैलभर अलीकडे स्लिपर चॅपल आहे, तिथे वहाणा काढून उरलेली वाट अनवाणी चालायची पद्धत. माझी आई चालली. हातात टाळ नव्हते एवढंच. वॉल्सिंगहॅमहून समुद्रकाठच्या वेल्स गावापर्यंत (वेल्स देश नव्हे) खेळण्यातल्यासारखी छोटी आगगाडीही जाते. ब्लेकनीजवळ मॉर्स्टनहून होडीतून सील प्राणी बघायला नेतात, पण भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा.

ट्रेनच्या भरवशावर मात्र जाऊ नका. जवळच्या फेकनहॅम गावाचं स्टेशन १९६० च्या दशकातच बंद झालं. सगळ्यात बरं स्टेशन किंग्ज लिन, पुढे बस.

सातासमुद्रापार (अपडेट):
सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री अख्खा धागा अण्णांना वाचून दाखवला. शेल्टनची गोष्ट गाळणार होते, पण त्यांनी फोन हातातून घेऊन स्वतःच वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थेट जावयाकडे वळून म्हणाले, "प्रत्यय ओळखायला चुकलो. चहा घेणार का?" तेरा दिवसांनी!

आज सकाळपासून आईला हेस्टिंग्ज शिकवणं चाललंय. मिरजेला फोन लावून काकांनाही स्निअरची वंशावळ सांगून झाली. सर राल्फ हा 'सुसंस्कृत गृहस्थ' ठरलाय. आई वॉल्सिंगहॅमला अनवाणी चालणार म्हणते, अण्णांनी सीलच्या होडीला हो म्हटलंय.

आता शेवटची एक मदत. कॉटेजचे फोटो आज नीट बघितले. खोल्या दोन आहेत आणि मधलं पार्टिशन लाकडी फळ्यांचं आहे. कानात घालायचे बोळे चांगल्यातले कुठले मिळतात? मेणाचे बरे की स्पंजचे? चार जोड हवेत. शेजारच्या कॉटेजमध्येही कुणीतरी असेलच ना.