३ इंची नळीच्या .३२ रिव्हॉल्व्हरला कुठली काडतुसं?

रंकाळाकर: परवाना .३२ रिव्हॉल्व्हरचा. दुकानदार म्हणतो, ७.६५ ची कुठलीही चालतील. खरं का?

शाहूपुरी: अजिबात नको, दादा! ७.६५ बाय १७ (मिलिमीटरमध्ये, गोळीची जाडी बाय कवचाची लांबी) पिस्तुलाचं. तुम्हाला ७.६५ बाय २३ पाहिजे, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. आखूड असल्यानं पिस्तुलाचंही चेंबरात (काडतूस बसतं त्या भोकात) शिरतं, तिथंच माणूस फसतो. दाब त्याचा जास्त. काडतुसाच्या बुडावरचा शिक्का बघूनच घ्या.

कळंबा: आखूड नळीत वेग कमी, पोकळ टोकाची गोळी लागल्यावर बहुधा फुलतच नाही. साधी गोल टोकाची शिशाची बरी. वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी, नेमबाजीला झकास, पण भरताना कड चेंबरच्या तोंडाला अडते.

शाहूपुरी: आणि काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नका, पितळी कवचावर हिरवट थर चढतो. आपला पावसाळा माहितीये की!