मदत हवी आहे: डिसेंट्रलाइज्ड क्लाउडवर जीपीयू मागितला की एकही बिड येत नाही

नमस्कार मंडळी, जरा अडलेय, कुणी यातलं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

आमच्या ग्रुपकडे जात्यावरच्या ओव्यांची बरीच रेकॉर्डिंग्ज आहेत, मावळातल्या बायकांनी म्हटलेल्या, ती व्हिस्परच्या (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं एआय) लार्ज मॉडेलने उतरवून घ्यायचीत म्हणजे नंतर हाताने दुरुस्त करायला कच्चा मजकूर तरी मिळेल. त्याला साधारण १० जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची, म्हणजे जीपीयूची मेमरी) लागते, आमच्या कुणाच्याच लॅपटॉपमध्ये तेवढी नाही आणि मोठ्या क्लाउडचं भाडं वर्गणीत बसत नाही. म्हणून उलट्या लिलावाच्या नेटवर्ककडे वळलो, जिथे वेगवेगळे लोक (प्रोव्हायडर) आपापली मशीन भाड्याने देतात, आकाश नेटवर्कच्या पद्धतीचं, म्हणजे यामल फाइलमध्ये (साध्या मजकुराची सेटिंग फाइल) काय हवंय आणि जास्तीत जास्त किती देणार ते लिहायचं, ऑर्डर ब्लॉकचेनवर जाते, प्रोव्हायडर बोली (बिड) लावतात, एक पसंत केली की लीज (भाडेकरार) सुरू आणि पैसे चेनच्या ब्लॉकगणिक एस्क्रोमधून (आधी जमा ठेवलेल्या रकमेतून) कापले जातात.

मी मागितलंय: २४ जीबीचा एक जीपीयू, १६ सीपीयू, ६४ जीबी रॅम, ५०० जीबी पर्सिस्टंट स्टोरेज (रीस्टार्टनंतरही टिकणारं), शिवाय ऑडिट झालेलेच (त्रयस्थाने तपासलेले) प्रोव्हायडर. ऑर्डर ओपन राहते, बिड शून्य. रेट वाढवला तरी तेच, जीपीयूची ओळ काढली की लगेच येतात. पण यादीत तर तेच कार्ड मोकळं दिसतंय, मग अडतंय कुठे?

आणि बिड आल्याच तर निवडायचं कशावरून, नुसतं स्वस्त बघून? यातल्या काही आज्या आता हयात नाहीत, त्यांचे आवाज अनोळखी माणसाच्या मशीनवर जाणार, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रतिसाद

ताई, यादीत दिसतं ते प्रोव्हायडरच्या सगळ्या मशीन मिळून मोकळं असलेलं. पण आत कुबरनेटीज (कामं मशीनवर वाटून देणारी सिस्टीम) असतं आणि तुमचा एक पॉड (तुमचं चालणारं काम) एकाच नोडवर, म्हणजे एकाच मशीनवर, बसावा लागतो. कार्ड एका नोडवर मोकळं, पण त्याच नोडची रॅम आधीच दुसऱ्याला दिलेली, असं झालं की तिथली सिस्टीम बोलीच लावत नाही. जीपीयूच्या मशीनवर हे फार होतं. त्यात पर्सिस्टंट स्टोरेज आणि ऑडिट, प्रत्येक अट उरलेल्यांतून अजून काही गाळते.

व्हिस्परला १६ सीपीयू कशाला? ४ सीपीयू, १६ जीबी रॅम करा आणि कार्डचं मॉडेल लिहिलं असेल तर तेही सैल सोडा. पर्सिस्टंट स्टोरेज तर काढूनच टाका, लीज संपली की तेही जातं, नावावर जाऊ नका. ऑडिओचे छोटे तुकडे करा, एक तुकडा झाला की मजकूर लगेच आपल्याकडे ओढून घ्यायचा, म्हणजे प्रोव्हायडर मध्येच गायब झाला तरी तेवढा एकच तुकडा परत चालवायचा. ऑडिटची अट मात्र ठेवा, कारण बाकीची माहिती प्रोव्हायडर स्वतःच भरतो, ऑडिटरची सही असली तर निदान कुणीतरी बघितलेलं असतं.

आवाजांचं स्पष्ट सांगतो, साध्या कंटेनरमध्ये (तुमचं काम ज्यात चालतं ती वेगळी जागा) मशीनच्या मालकापासून काही लपत नाही. ऑडिटनेही नाही. ज्यांच्या घरच्यांची परवानगी नाही ती रेकॉर्डिंग्ज घरच्याच लॅपटॉपवर लहान मॉडेलने करा, चुका जास्त येतील पण फाइल बाहेर जाणार नाही.

धागाकर्ती

खूप आभार! ४ सीपीयू, १६ जीबीवर आणलं, स्टोरेज काढलं, तीन बिड आल्या. परवानगीची यादी आज बनवायला घेतेय, तोवर काही अपलोड करणार नाही. एकच विचारते, गोलेमवर (असंच दुसरं नेटवर्क) हेच जास्त सोपं पडलं असतं का?

प्रतिसाद

तिथे प्रोव्हायडरची ऑफर आणि तुमची डिमांड दोन्हीत अटी असतात, दोन्ही बाजूंच्या जुळल्या तरच करार होतो. तुकड्या-तुकड्यांच्या कामाला ती पद्धत चांगली आहे, पण तुमची यामल फाइल आता चालतेय, तर आधी परवानगी असलेली एक ओवी पूर्ण करून बघा. मराठीतली जोडाक्षरं कशी येतात तेही इथे टाका, मलाही बघायचंय.